कुंपणातलं खिंडार बुजतच नाही? तिसरं रोप आणण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीवर येते. कुंपण जुनं आहे, चांगलं दाट आहे. मध्ये एक झाड वाळलं म्हणून काढलं. तिथे नवं रोप लावलं, ते महिन्याभरात गेलं. दुसरं आणलं, ते जगलं, पण वीतभरही वाढलं नाही. मग पुन्हा रोपवाटिकेत जायच्या आधी प्रश्न पडतो, या जागेत नेमकं लावायचं तरी काय?

नावं सांगून मोकळं होता येईल, आणि पुढे नावं आहेतही. पण ज्या खिंडारात एक रोप मेलं आणि दुसरं खुरटलं तिथे केवळ जात बदलली म्हणून तिसरं जगेल, याची खात्री कोणी देऊ नये. दोन्ही बाजूंच्या जुन्या झाडांनी त्या जागेचा ताबा कधीच घेतलेला असतो. वरून रिकामी दिसणारी ती दोन-तीन फूट जमीन खालून मुळांनी गच्च भरलेली असते आणि वरचा उजेडही फांद्यांनी अर्धा अडवलेला असतो. कुंपणाला काय शोभेल हे नंतर बघू. त्या जागेत काय टिकेल, आणि टिकावं म्हणून जागेतच काय बदलावं लागेल, हे आधी ठरवायला हवं.

मेलेलं रोप फेकू नका, उकरून बघा

रोप हाताने उपटू नका. फावड्याने चहूबाजूंनी मोकळं करून मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा. काय घडलं ते इथेच कळतं.

सगळ्यात जास्त वेळा दिसतं ते असं. गोळा पिशवीत होता तसाच्या तसा, त्याच आकाराचा. मुळं आतल्या आत गोल फिरलेली, एकही बाहेरच्या मातीत गेलेलं नाही. आणि गोळ्याभोवती तुम्ही मोठ्या प्रेमाने घातलेल्या खतमातीत केसाएवढ्या बारीक मुळांची दाट जाळी. तिच्यातलं एखादं मूळ चिमटीत धरून हळू ओढा. ते तुटत नाही, मातीतून उचललं जात थेट शेजारच्या जुन्या झाडाकडे जातं. खत तुम्ही घातलंत, पाणी तुम्ही घातलंत, खाल्लं-प्यालं शेजाऱ्याने. झाडाची अन्न-पाणी घेणारी बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या 30 ते 45 सेंटीमीटरच्या थरात असतात आणि भुसभुशीत, ओली, खताची माती मिळाली की ती काही आठवड्यांतच तिकडे धावतात. नव्या रोपाला पिशवीबाहेर मूळ काढायलाच तेवढा वेळ लागतो.

गोळा आतून कोरडा ठणठणीत आणि बाहेरची माती ओली, असंही बरेचदा निघतं. पिशवीतली माती चिकण असेल तर एकदा वाळल्यावर ती विटेसारखी होते आणि पाणी तिच्या बाजूने निघून जातं. रोज पाणी घालूनही रोप तहानेने मेलं म्हणतात ते असं. म्हणून पाणी पोचलं का हे बघायला बोट बाजूच्या मातीत खुपसू नका, खोडाशेजारी गोळ्यातच खुपसा.

मुळं काळपट, बुळबुळीत, वास मारणारी असतील आणि बोटाने ओढल्यावर वरचं साल मोज्यासारखं निघून आत नुसता दोरा उरत असेल, तर ती मूळकूज. अशा रोपाची पानं मरायच्या आधी पिवळी पडून लोंबतात. ती लोंबलेली बघून माणूस आणखी पाणी घालतो आणि काम लवकर संपतं.

मुळंच नाहीत, रोप बुडाशी कुरतडल्यासारखं आहे? मग खड्ड्यातली माती चाळा. पांढरी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी सापडली तर ती हुमणी. कच्चं शेणखत घातलेल्या खड्ड्यात ती हमखास असते. खोडावर मातीच्या नळ्या चढलेल्या असतील तर वाळवी. ती बहुधा जुन्या झाडाच्या जमिनीत राहिलेल्या बुंध्यावर पोसलेली असते. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्याला न दिसणारे बारीक जंत.

रोप जिवंत आहे, पण काडीसारखं उंच होऊन बाहेरच्या बाजूला कललंय, पानं विरळ आहेत, तर त्याला फक्त उजेड कमी पडतोय. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील तर मातीत चुना जास्त आहे. कुंपण भिंतीलगत असेल तर बांधकामाच्या वेळचा राडारोडा खाली गाडलेला असतो, तो याचं कारण. एकाच बाजूची पानं करपलेली असतील तर रोपाला दोष देण्याआधी त्या बाजूला काय आहे ते बघा: तापणारी भिंत, एसीचं गरम वारं, किंवा रोज त्याच जागी पाय वर करणारा कुत्रा.

जुनं झाड का गेलं, ते शोधा

नव्या रोपाच्या मरणाचं कारण कळलं, तरी पहिलं झाड का गेलं हा प्रश्न राहतोच. एकटं एक झाड म्हातारपणाने, अपघाताने किंवा कोणीतरी मुळं तोडल्यामुळे गेलं असेल तर फार काळजी नको. पण एकाला लागून दुसरं, दुसऱ्याला लागून तिसरं असं खिंडार दरवर्षी रुंदावत असेल, तर तिथे रोग आहे. रोग कळल्याशिवाय काहीही लावणं म्हणजे त्याला खाऊ देणं.

खिंडाराच्या कडेला उभ्या असलेल्या झाडापाशी बसा आणि नखाने साल खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी आणि कोरडं असेल तर थोडं खाली खरवडा, मग आणखी खाली. मग बुंध्याजवळ जमिनीलगतचं सालीचं छोटंसं टवकं उचलून बघा. सालीखाली पांढरी, चिवट, भूछत्रासारखा वास येणारी बुरशीची चादर असेल तर ती मुळांवाटे एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाते. अशा वेळी मेलेल्या झाडाचा बुंधा आणि जाड मुळं उकरून काढल्याखेरीज इलाज नाही. जमिनीत राहिलेलं लाकूड हेच त्या बुरशीचं कोठार असतं.

पाणी साचतं का, हे ताडण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. खिंडारात 30 सेंटीमीटर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या. पुन्हा भरा आणि काठी उभी करून पाणी तासाला किती उतरतं ते बघा. 2 ते 3 सेंटीमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर निचरा वाईट आहे. मग खड्डा खोल खणून उपयोग नाही, उलट त्याची बादली होते. जमिनीच्या पातळीपेक्षा वीतभर उंच, लांबट वरंबा करून त्यावर लावणं हाच त्यातला सोपा मार्ग. ट्रायकोडर्मा, म्हणजे मूळकूज रोखायला वापरतात ती उपयोगी बुरशी, खतात मिसळून घालायला हरकत नाही, पण पाणी साचतच राहिलं तर तो एकटा काही करणार नाही.

काही कुळांत एकाच जागी तेच झाड पुन्हा लावलं की ते धरतच नाही. गुलाब आणि सफरचंदाच्या कुळात हे नेहमी दिसतं. जुन्या गुलाबाच्या जागी नवा गुलाब लावायचाच असेल तर तिथली माती रुंदीला आणि खोलीला दीड-दीड फूट तरी काढून दुसरीकडे टाकावी आणि बागेतलीच दुसरीकडची माती आणून भरावी. बॉक्सवुडवर, म्हणजे त्या बारीक पानांच्या विदेशी कुंपणझाडावर, करपा येऊन गेला असेल, तर गळलेल्या पानांत ती बुरशी अनेक वर्षं तग धरते. तिथे पुन्हा बॉक्सवुड नको.

अमरवेलीचं वेगळं. दुरांता, कडू मेंदी, अडुळसा अशा कुंपणांवर पिवळ्या दोऱ्यांचं जाळं पसरतं आणि खालचं झाड हळूहळू बसतं. तिची मुळं जमिनीत नसतात, ती फांदीतच सोंड खुपसून जगते, आणि तोडलेला तुकडा दुसऱ्या फांदीवर पडला की तिथेही धरतो. कात्रीने कुंपण छाटताना तिचे तुकडे उडत गेले तर पुढच्या हंगामात अख्खं कुंपण पिवळं. ज्या फांद्यांवर ती आहे त्या फांद्यांसकट काढा, गोणीत भरा, आणि ती पूर्ण संपेपर्यंत खिंडारात नवं रोप लावू नका.

आणि एक साधं कारण, जे कोणी मनावर घेत नाही: वाट. मुलं चेंडू आणायला, मांजर शिकारीला, माळी पाइप ओढायला तिथूनच जातात. माती पायाखाली दगडासारखी झालेली असते. लोक वर्षानुवर्षं तिथून जात असतील तर माझं मत सरळ आहे, तिथे छोटं फाटक करा आणि विषय संपवा. तसं नको असेल तर रोप कमरेएवढं होईपर्यंत दोन्ही बाजूंना तारेची जाळी ठोका.

किती रुंद आहे, यावर बरंच ठरतं

दोन फुटांपेक्षा कमी खिंडार असेल तर बहुतेक वेळा काहीच लावायची गरज नसते. दोन्ही शेजाऱ्यांच्या खिंडाराकडच्या फांद्या थोड्या मागे छाटा, म्हणजे डोळे फुटून त्या बाजूला गर्दी होते. लांब फांद्या असतील तर बांबूची आडवी काठी बांधून त्यावर सुतळीने ओढून घ्या. उभी फांदी आडवी केली की तिच्या अंगभर डोळे फुटतात. दोन हंगामांत तिथे खिंडार होतं हे सांगावं लागतं.

यात मोठा अपवाद मोरपंखी, सायप्रस अशा सूचिपर्णी कुंपणांचा. त्यांच्या तपकिरी, जुन्या लाकडाला पुन्हा पालवी फुटत नाही. फांदी हिरव्या भागाच्या मागे छाटली तर ती जागा कायमची उघडी पडते. यू हे झाड मात्र सूचिपर्णी असूनही जुन्या लाकडातून फुटतं. रुंद पानांच्या बहुतेक कुंपणझाडांना, जास्वंद, दुरांता, कडू मेंदी, कामिनी, जोरात छाटलेलं चालतं.

खिंडार फक्त खाली असेल, म्हणजे वरून हिरवं आणि गुडघ्याखाली नुसती खोडं, तर तो रोपाचा प्रश्नच नाही. छाटणी वरून रुंद, खालून अरुंद होत आलेली आहे आणि खालच्या पानांना ऊन मिळत नाही. कुंपणाचं बूड रुंद आणि डोकं अरुंद ठेवा, म्हणजे ऊन खालपर्यंत उतरतं. अशा उघड्या बुडाशी छोटी रोपं लावत बसण्यात काही हशील नाही. जुनी खोडं पायरीपायरीने, एका वर्षी एक बाजू, जमिनीपासून हातभर उंचीवर छाटली तर नवे फुटवे येतात.

दोन ते चार फुटांचं खिंडार ही खरी डोकेदुखी. फांद्या पोचत नाहीत आणि मुळं मात्र दोन्हीकडून पोचलेली असतात.

सगळ्यात भरवशाचं रोप: शेजाऱ्याचीच फांदी

दोन ते चार फुटांसाठी मला विचाराल तर विकत आणलेल्या रोपाच्या आधी दाब कलम करून बघा. शेजारच्या झाडाची जमिनीलगतची, पेन्सिलीएवढी जाड, वाकेल अशी फांदी निवडा. खिंडाराच्या मध्यापर्यंत पोचते का बघा. जिथे ती जमिनीला टेकते तिथे चार बोटं खोल चर काढा. फांदीच्या खालच्या बाजूला, डोळ्याच्या जरा खाली, साल तिरकी कापा किंवा बोटभर लांबीचं साल गोल सोलून काढा. ती जागा चरात दाबून तारेच्या आकड्याने ठोका, वर माती आणि खत घाला, त्यावर सपाट दगड ठेवा. शेंड्याची हातभर फांदी बाहेर ठेवून काठीला सरळ उभी बांधा.

उबदार, दमट हवेत दोन-तीन महिन्यांत मुळं सुटतात. थंड हवेत किंवा सावकाश वाढणाऱ्या झाडांना वर्ष लागू शकतं. एरवी मुळं आली की आईपासून तोडायचं असतं. खिंडारात ती घाई करूच नये. नव्या मुळांना शेजाऱ्यांशी भांडावं लागतंय त्या काळात अन्न-पाणी जुन्या झाडाकडून येतच असतं, आणि हाच तर विकतच्या रोपावरचा मोठा फायदा. शिवाय पान, रंग, वाढ सगळं तंतोतंत तेच, कारण झाड तेच आहे. कित्येक वर्षांपूर्वी लावलेल्या कुंपणाचा नेमका वाण आज मिळत नाही, दुरांताच्या किंवा अकालिफाच्या दोन रोपांची छटा जुळत नाही, या कटकटीच उरत नाहीत.

कडू मेंदी, म्हणजे कोयनेल, याला तर खटपटही लागत नाही. तिच्या मातीला टेकलेल्या फांद्या आपोआप मूळ धरतात. जास्वंद, दुरांता, अडुळसा सोपे. कामिनी वेळ घेते.

फांदी खाली पोचत नसेल तर गुटी बांधा. वरच्या जाड फांदीचं बोटभर साल गोल सोलून, ओल्या शेवाळाचा गोळा लावून प्लॅस्टिकने घट्ट बांधायचं. पारदर्शक प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागली की फांदी तोडून पिशवीत लावा आणि पिशवी मुळांनी भरली की खिंडारात हलवा. पावसाळ्याचे दिवस यासाठी उत्तम. तेही जमत नसेल तर पेन्सिलीएवढ्या फांद्यांचे वीतभर लांब छाट करून पिशव्यांत लावा. पण छाट थेट खिंडारात खोचू नका. मूळ नसलेला छाट तिथल्या स्पर्धेत टिकत नाही.

रोप आणायचंच असेल तर

रोग नसेल तर आहे तीच जात लावावी. दुसरी जात घ्यायची वेळ येते ती तीन कारणांनी: मातीत रोग आहे, आता तिथे सावली झाली आहे, किंवा मूळची जातच मिळत नाही. तेव्हा रंग जुळवण्याच्या मागे लागू नका. चार पावलांवरून कुंपण बघताना डोळ्याला आधी पानाचा आकार आणि तुकतुकी जाणवते, हिरव्याची छटा नंतर. बारीक पानांच्या कुंपणात बारीक पानांचं झाड खपून जातं, मोठ्या पानांचं दुरून ओरडतं.

त्याहून महत्त्वाचा वाढीचा वेग. हळू वाढणाऱ्या कामिनीच्या कुंपणात दुरांता लावला तर तो एका हंगामात डोक्यावर जाईल, दर पंधरवड्याला छाटावा लागेल आणि शेजारच्या कामिनीचं ऊनपाणीही घेईल. उलट कडू मेंदीच्या कुंपणात कामिनी लावली तर मेंदी तिला गिळून टाकेल. ज्या वेळापत्रकाने तुम्ही बाकीचं कुंपण छाटता, त्याच वेळापत्रकात बसणारं झाड घ्या.

आता ऊन. खिंडाराला दोन्ही बाजूंची सावली असतेच, वर एखादं मोठं झाडही असेल तर कोरडी सावली होते. ही सगळ्यात अवघड जागा.

कामिनी किंवा कुंती अर्धवट सावली सोसते, पान लहान आणि चकचकीत आहे, छाटणीला दाट होते. अशा जागेला ती माझी पहिली पसंती. फक्त जवळपास लिंबू, संत्रा, मोसंबी असतील तर विचार करा. लिंबूवर्गीय झाडांचा हिरवेपणाचा रोग पसरवणारा सिट्रस सिला हा किडा कामिनीवरही पोसतो.

अडुळसा दणकट. सावली, हलकी जमीन, दुर्लक्ष सगळं सोसतो, जनावरं तोंड लावत नाहीत. पान मोठं आणि जरा राकट आहे, त्यामुळे नीटस छाटलेल्या कुंपणात ठिगळ दिसेल. मागच्या बाजूच्या, मोकळ्या वाढलेल्या कुंपणाला छान.

कडू मेंदी ऊन असेल तर जवळपास काहीही सोसते, खारी हवासुद्धा. गर्द सावलीत मात्र ती विरळ होते.

सोनेरी दुरांता सावलीत हिरवा पडतो, म्हणजे ज्यासाठी आणला तेच जातं. अकालिफाचाही रंग उतरतो. साधा हिरवा दुरांता चालेल, पण त्याची पिवळी फळं विषारी आहेत. घरात लहान मुलं किंवा कुत्रं असेल तर फुलं गळताच छाटणी करा. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी, तिची छाटलेली पानं जनावरांच्या वाटेत टाकू नयेत. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा भयंकर भाजतो.

जास्वंदाला ऊन हवं. नव्या फुटीवर फुलं येतात, म्हणून वरचेवर छाटलेल्या कुंपणात ती कमी दिसतील, आणि पिठ्या ढेकणांवर लक्ष ठेवावं लागेल. एक्झोरा दिसायला सुबक, पण त्याला आम्लधर्मी माती हवी. राडारोड्याच्या, चुन्याच्या भिंतीलगत तो पिवळा पडून बसतो. अशा जागी तो लावून मग लोहाच्या फवारण्या करत बसण्यात अर्थ नाही.

वाट अडवायची असेल तर करवंदाला तोड नाही. काटे आहेत, दुष्काळ सोसतं, छाटणीने दाट होतं. वाढ सावकाश, तेवढी तयारी ठेवा.

काय लावू नये? वेल. बोगनवेल किंवा कुठलाही जोरकस वेल खिंडार पटकन झाकतो खरा, पण लगेच शेजाऱ्यांवर चढतो आणि त्यांना खालून उघडं पाडतो. एका खिंडाराची तीन होतात. फायकस किंवा कोनोकार्पस वेगाने वाढतात म्हणून सुचवले जातात. त्यांची मुळं पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांत शिरतात, भिंतीजवळ तर ती नकोतच. सुबाभूळ आणि घाणेरीही नकोत. बी पसरून बागभर होतात आणि मग त्यांना काढणं हेच काम होऊन बसतं.

जात अगदीच जुळत नसेल तर लपवायचा प्रयत्न सोडून द्या. कुंपणात आणखी एक-दोन ठिकाणी मुद्दाम तेच वेगळं झाड लावलं की ठिगळ न वाटता रचना वाटते. एका लांबच लांब कुंपणात एकच वेगळं झाड मात्र कायम डोळ्यात खुपतं.

रोप उंच घ्यावं की ठेंगणं? उंच, सडपातळ रोप घेऊन भोक लगेच बुजल्यासारखं वाटतं, पण ते पिशवीत जास्त दिवस राहिलेलं असतं आणि बुडाशी उघडं असतं. दीड-दोन फुटांचं, जमिनीपासून फांद्या फुटलेलं रोप घ्या. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आलेलं असेल तर ते रोप बाजूला ठेवा.

खड्डा शेजाऱ्यांपासून वेगळा करा

रोप घरी आलं. आता ज्या मुळांनी आधीच्या दोन रोपांचं अन्न-पाणी पळवलं त्यांचा बंदोबस्त. खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करा, आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या बाजूला, त्यांच्या खोडांपासून शक्य तितकं दूर, धारदार कुदळीने सरळ उभी भिंत कापा. बोटापेक्षा जाड मुळं शक्यतो वाचवा, बारीक मुळं बिनधास्त तोडा, ती पुन्हा येतात. मग त्या दोन कापलेल्या बाजूंना जाड प्लॅस्टिकचा पत्रा दीड फूट खोलपर्यंत उभा घाला, वरची कड जमिनीच्या दोन बोटं वर ठेवा. खाली तळाशी आणि पुढे-मागे उघडं राहू द्या, म्हणजे पाणी जाईल आणि रोपाला वाट मिळेल. रोपाने दीड-दोन वर्षांत बूड धरलं की पत्रा ओढून काढायचा. पत्रा नसेल तर तळ कापलेला मोठा ड्रमही चालतो.

एका वेळी दोन्ही बाजूंची सगळी मुळं तोडू नका, शेजारी आधीच अशक्त असतील तर. खिंडार मोठं करून घ्याल.

भरायच्या मातीत पूर्ण कुजलेलं खत चौथाईपर्यंत पुरे. कच्चं शेणखत नको, हुमणीचं निमंत्रण ते. पिशवी फाडल्यावर गोल फिरलेली मुळं बोटांनी सोडवा, न सुटणारी ब्लेडने दोन-तीन ठिकाणी उभी कापा. हे करताना हात कचरतो, पण न कापलेली गोल मुळं जमिनीतही गोलच फिरत राहतात. चिकण मातीचा गोळा असेल तर लावण्याआधी बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवा. गोळ्याचा माथा जमिनीच्या पातळीला यावा, खोडाभोवती माती चढवू नका.

तीन-चार फुटांच्या खिंडारात एक मोठं रोप मध्यभागी लावण्यापेक्षा दोन लहान रोपं, एक जरा पुढे एक जरा मागे, अशी नागमोडी लावावीत. दोघांच्या फांद्या एकमेकांत शिरून लवकर दाट होतात, आणि एक गेलं तरी जागा पुन्हा मोकळी होत नाही.

उजेडासाठी दोन्ही शेजाऱ्यांच्या खिंडाराकडच्या फांद्या फूटभर मागे घ्या आणि वरही थोड्या उतरवा. कुंपण वर्षभर बोडकं दिसेल. दिसू द्या. खिंडार आधी जरा मोठं दिसल्याशिवाय ते बुजत नाही.

पाणी आणि पहिली छाटणी

पाइप धरून कुंपणभर पाणी मारलं तर नव्या रोपाला त्यातलं थोडंच मिळतं, वाटणीदार फार असतात. रोपाच्या गोळ्याजवळ वीतभर लांबीचा पाइपचा तुकडा उभा पुरा आणि पाणी त्यातूनच सावकाश ओता, किंवा ठिबकची एक तोटी थेट गोळ्यावर ठेवा. रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर, म्हणजे मुळं खाली उतरतात. किती दिवसांनी, ते बोट सांगेल. सुकी पानं किंवा पेंढा तीन बोटं जाड पसरा, खोडाला टेकू देऊ नका, नाहीतर बुंधा कुजतो आणि वाळवीला आडोसा मिळतो.

लावल्यावर शेंडा एक-तृतीयांश खुडा. मग खालून फुटवे येतील. रोप जोमात आलं की त्याला लगेच कुंपणाच्या उंचीला जाऊ द्यायचा मोह होतो, कारण वरून भोक दिसतं. इथेच पुन्हा खाली उघडं पडणारं झाड तयार होतं. त्याला शेजाऱ्यांपेक्षा खालीच अडवा, दर वेळी नव्या वाढीतली निम्मी काढा. बाजू भरल्या, खालून हात घातला तर पलीकडचं दिसेनासं झालं, की मगच वीत-वीत वर सोडत जा. तोवर वरचं भोक आडव्या काठीवर बांधलेल्या शेजाऱ्यांच्या दोन-चार फांद्यांनी झाकून घेता येतं, आणि रोप तिथे पोचलं की त्या फांद्या कापून टाकायच्या.